विरोधी बाकावरील व्याख्या: मुंबई विधिमंडळातील डॉ. आंबेडकर आणि खांडबाऱ्याचा मजूर

१

विधिमंडळातील भाषणाकडे मराठी समीक्षेने गद्यप्रकार म्हणून फारसे लक्ष दिलेले नाही. वक्तृत्वाचा विचार झाला तो सभांतील वक्तृत्वाचा. विधिमंडळातील कामगिरीचा विचार केला तो चरित्रकारांनी आणि इतिहासकारांनी. परिणामी अशा भाषणाचे मूल्य ठरविण्याच्या दोनच रीती रूढ झाल्या. भाषण गाजले की नाही हे पाहणे ही पहिली, आणि त्यामुळे विधेयक तरले की बुडाले हे पाहणे ही दुसरी. विरोधी बाकावरील सभासदाच्या बाबतीत या दोन्ही रीती अपुऱ्या पडतात. ज्याच्या पाठीशी बहुमत नाही, त्याचे म्हणणे मतदानात पडणार हे बहुधा त्याने बोलण्यापूर्वीच ठरलेले असते. तरीही तो बोलतो, कलमामागून कलम तपासतो, दुरुस्त्या सुचवितो. केवळ निषेध नोंदवावयाचा असता तर ते काम एका वाक्यात आटोपले असते. ते आटोपत नाही, कारण विरोधकाच्या हाती मते नसली तरी शब्द असतो. आणि कायदा अखेर शब्दांचाच बनलेला असतो.

या दृष्टीने पाहता कायद्यातील व्याख्या हे विरोधकाचे खरे कार्यक्षेत्र ठरते. ‘कामगार’ म्हणजे कोण, ‘संप’ म्हणजे काय, ‘कारखाना’ कोणत्या जागेला म्हणावयाचे, या प्रश्नांची उत्तरे कायद्याच्या आरंभीच्या कलमांत दिलेली असतात, आणि पुढील सर्व हक्क व सर्व शिक्षा त्या उत्तरांवर अवलंबून असतात. सामान्य भाषेत शब्दाचा अर्थ वापराने ठरतो. कायद्याच्या भाषेत तो बहुमताने ठरतो. बहुमताने ठरणाऱ्या या अर्थाची चिकित्सा करणे हे विरोधी सभासदाचे काम, आणि ती चिकित्सा जितकी सूक्ष्म तितके ते काम टिकाऊ.

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांची मुंबई विधिमंडळातील १९२७ ते १९३९ या काळातील भाषणे या कसोटीवर तपासण्यासारखी आहेत. या भाषणांपैकी बहुतेक इंग्रजीत झाली. महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या दुसऱ्या खंडात (१९८२) ती एकत्र सापडतात. म्हणून येथे त्यांच्या शब्दकळेचा नव्हे, तर युक्तिवादाच्या रचनेचा विचार केला आहे. ही रचना भाषांतरातही अबाधित राहते.

मात्र व्याख्येची परीक्षा व्याख्येच्या मध्यभागी होत नाही. ती कडेला होते. मुंबईतील गिरणीत बारमाही काम करणारा पुरुष कोणत्याही व्याख्येत सहज बसतो. प्रश्न उरतो तो जो बसत नाही त्याचा. अशी कड दाखविणारे एक ठिकाण म्हणून नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील खांडबारा हे गाव येथे घेतले आहे. सुरत–भुसावळ लोहमार्गावरील हे स्थानक गुजरातच्या सीमेपासून फार दूर नाही. मावची, कोकणी, अहिराणी, गुजराती आणि मराठी या भाषांचा या मुलखात रोजचा शेजार आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणात मावचीची नोंद भिल्ली बोलींमध्ये झालेली आहे. आंबेडकर विरोधी बाकावर बसत होते तेव्हा हा मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यात आणि मुंबई प्रांतात होता. त्या विधिमंडळात ठरणारा ‘कामगार’ या शब्दाचा अर्थ खांडबाऱ्यालाही लागू होता, किंबहुना तो तेथे लागू होत नव्हता, हीच येथील विचारणीय गोष्ट आहे.

२

१९२७ च्या प्रारंभी आंबेडकर मुंबई विधिपरिषदेत आले ते सरकारनियुक्त सभासद म्हणून. तांत्रिक दृष्ट्या त्या वेळी ते विरोधी पक्षाचे नव्हते. तथापि नियुक्तीने मिळालेले आसन आणि तेथून केलेले भाषण यांत त्यांनी पहिल्यापासून अंतर राखले. २८ जुलै १९२८ रोजी प्रसूतिलाभ विधेयकावर झालेले त्यांचे भाषण याची साक्ष देते. कारखान्यात काम करणाऱ्या स्त्रीला प्रसूतीच्या आधी व नंतर काही काळ विश्रांती आणि त्या काळात भत्ता मिळावा, असा या विधेयकाचा आशय होता. विरोध मुख्यतः खर्चाच्या बाजूने झाला. उद्योगावर हा भार कशासाठी, असा प्रश्न होता.

या प्रश्नाला आंबेडकरांनी दिलेले उत्तर संस्कृत व्याकरणातील कारकविचाराच्या भाषेत मांडता येते. विरोधकांच्या वाक्यात मालक हा दाता होता, स्त्री ही संप्रदान होती आणि भत्ता हे दान होते. आंबेडकरांनी हे वाक्यच बदलले. मातेला विश्रांती मिळणे यात राष्ट्राचे हित आहे, असे त्यांनी प्रथम प्रतिपादन केले. त्यामुळे लाभाचा धनी एकटी स्त्री न राहता समाज झाला. मग त्यांनी पुढील निष्कर्ष स्वतःहून मान्य केला: लोकांचे कल्याण राखणे ही प्रथमतः सरकारची जबाबदारी असल्याने भाराचा मोठा भाग सरकारने उचलावयास हवा. परंतु एवढ्यावर न थांबता त्यांनी मालकालाही वाक्याबाहेर जाऊ दिले नाही. मालक स्त्रियांना कामावर ठेवतो तो उपकारबुद्धीने नव्हे. पुरुषांच्या मानाने त्यांच्या श्रमातून त्याला अधिक फायदा होतो म्हणून. ज्याला फायदा, त्याला भार.

या युक्तिवादाचे वैशिष्ट्य असे की त्यात करुणेला स्थान नाही. प्रसूतीच्या विषयावर बोलताना करुण रसाचा आश्रय घेणे सोपे होते आणि सभागृहात ते परिणामकारकही ठरले असते. पण करुणा ज्याच्याविषयी वाटते तो याचक ठरतो, आणि याचकाला हक्क नसतो. आंबेडकरांनी हिशेबाची भाषा निवडली. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. भारतातील अशा स्वरूपाचा तो पहिला कायदा होय. आरोग्य आणि श्रम हे दोन विषय एकाच वाक्यात आणण्याचे श्रेय या चर्चेला द्यावे लागते.

१९२८ सालीच त्यांनी मांडलेले वतनविषयक विधेयक याच पद्धतीचे दुसरे उदाहरण आहे. महार वतनदाराच्या सेवेला मोबदला होता, पण तिची व्याख्या नव्हती. कोणते काम, किती वेळ, कोणासाठी, हे काहीच ठरलेले नव्हते. वतनदार स्वतः सापडला नाही तर कुटुंबातील दुसऱ्या माणसाला राबविले जाई. अशा व्यवस्थेतील अन्याय दाखविताना आंबेडकरांनी मोबदल्याच्या अपुरेपणाइतकाच भर कामाच्या अनिश्चितपणावर दिला. ज्या कामाला सीमा नाही ते काम नोकरी नव्हे, बंधन होय, असा या मांडणीचा इत्यर्थ निघतो. ते विधेयक संमत झाले नाही. परंतु व्याख्येचा अभाव हेच सत्तेचे साधन असू शकते, ही त्यातील दृष्टी पुढील सर्व विवेचनाला उपयोगी पडते.

३

१९३६ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून आंबेडकर १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई विधानसभेत आले. बाळ गंगाधर खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर होते, आणि आंबेडकर आता खऱ्या अर्थाने विरोधी बाकावर होते. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मांडले. पण विरोधी सभासद म्हणून त्यांच्या पद्धतीचा कळस दिसतो तो सप्टेंबर १९३८ मध्ये आलेल्या औद्योगिक कलह विधेयकावरील भाषणात.

या विधेयकाने समेटाची कार्यवाही पूर्ण होण्यापूर्वी केलेला संप बेकायदेशीर आणि शिक्षापात्र ठरत होता. सरकारपक्षाची भाषा शांततेची होती: कलह टळावा, उत्पादन चालू राहावे, दोन्ही पक्षांनी आधी बोलावे. या भाषेला सरळ विरोध करणे म्हणजे अशांततेचा पक्ष घेणे. आंबेडकरांनी ती चूक केली नाही. १५ सप्टेंबर १९३८ रोजी बोलताना त्यांनी एकच प्रश्न धरून ठेवला: संप म्हणजे काय? त्यांच्या उत्तराचे टप्पे असे. संप म्हणजे सेवेच्या कराराचा भंग. कराराचा भंग हा दिवाणी स्वरूपाचा दोष आहे. त्याची भरपाई मागता येते, पण तो गुन्हा नव्हे. त्याला गुन्हा ठरविणे याचा अर्थ माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध सेवा करावयास भाग पाडणे. आणि इच्छेविरुद्ध सक्तीची सेवा याला गुलामगिरी याहून वेगळे नाव नाही. म्हणून संपाचा हक्क हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव ठरते. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क मानणाऱ्या पक्षाने हा हक्क नाकारणे विसंगत होय.

येथे ऐतिहासिक संदर्भ ध्यानात घेतला पाहिजे. १८५९ च्या एका कायद्याने हिंदुस्थानात मजुराने केलेल्या करारभंगाला फौजदारी शिक्षा लावलेली होती, आणि तो कायदा १९२५ साली रद्द करण्यात आला होता. म्हणजे परकी सरकारने टाकून दिलेली कल्पना लोकनियुक्त सरकार वेगळ्या नावाने परत आणीत होते, असे या युक्तिवादाच्या प्रकाशात दिसते. विधेयकाला कामगारांचे नागरी स्वातंत्र्य स्थगित करणारा कायदा असे नाव शोभेल, असेही आंबेडकरांनी सुचविले. या नामांतराला केवळ उपरोध समजणे बरोबर नाही. विधेयकाचे नाव हे त्याच्या व्याख्यांपैकी पहिली व्याख्या असते. ते बदलून दाखविले की आतील कलमे निराळी दिसू लागतात.

विधेयक बहुमताने संमत झाले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत त्याच्या निषेधार्थ एक दिवसाचा मोठा संप झाला. स्वतंत्र मजूर पक्ष आणि साम्यवादी त्यात एकत्र होते. त्यानंतर तीनच दिवसांनी, १० नोव्हेंबर रोजी, पक्षाचे सभासद पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव मांडला. त्यामागील भाषण आंबेडकरांनी सिद्ध केले होते. प्रसूतीच्या यातना पुरुषांना भोगाव्या लागत्या तर कोणीही दुसऱ्यांदा त्या वाटेला गेला नसता, अशा आशयाचा त्यातील युक्तिवाद सभागृहाला मानवला नाही. ठराव फेटाळला गेला. संपाचा प्रश्न आणि गर्भधारणेचा प्रश्न वरवर पाहता दूरचे वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच सूत्र आहे: स्वतःच्या देहाच्या श्रमावर माणसाची स्वतःची सत्ता असली पाहिजे. एका आठवड्यात एकाच पक्षाने हे दोन्ही प्रश्न पुढे आणले, हा योगायोग अर्थपूर्ण आहे.

४

इतक्या सामर्थ्याने राबविलेल्या पद्धतीची मर्यादाही त्याच काटेकोरपणे पाहिली पाहिजे. व्याख्या हे दुहेरी हत्यार आहे. ज्याला आत घ्यावयाचे त्याच्याभोवती रेघ ओढली की रेघेबाहेर कोणीतरी राहतोच. १९२९ चा प्रसूतिलाभ कायदा कारखान्यातील स्त्रीचा होता. पश्चिम खानदेशात शेतावर, जंगलात, रस्त्याच्या खडीवर राबणारी स्त्री त्या कायद्याला दिसत नव्हती. १९३८ चा वादही उद्योगातील संपाविषयीचा होता. ज्या मजुराला सालभराचा करारच नाही, त्याने कोणता करार मोडावयाचा?

आंबेडकरांना हा मुलूख अपरिचित नव्हता. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद म्हणून १९२९ साली खानदेशचे दोन जिल्हे त्यांच्याकडे आले होते. चाळीसगावला टांगा उलटून त्यांना अपघात झाला तो याच दौऱ्यात. त्या वेळी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९३० च्या अहवालात ‘मागासवर्ग’ या ढोबळ शब्दाचे तीन भाग पाडले: दलितवर्ग, आदिम व डोंगरी जमाती, आणि इतर मागासवर्ग. पुढील काळातील भारतीय प्रशासनाच्या परिभाषेची बीजे या विभागणीत आहेत. एक संदिग्ध शब्द निश्चित होण्याचे हे उत्तम उदाहरण होय.

तथापि विभागणी झाली तशी प्रतिनिधित्वाची भाषा सर्व भागांना सारखी मिळाली नाही. मे १९४५ मध्ये मुंबई येथे केलेल्या भाषणात जातीय प्रश्नाची योजना मांडताना आंबेडकरांनी आदिम जमातींना बाजूला ठेवले. त्यांच्यात राजकीय जाणीव अद्याप विकसित झालेली नाही, असे कारण दिले. भिल्ल मुलखातील वाचकाला हे वाक्य खटकणार आणि खटकले पाहिजे. ज्यांनी ‘लायकी नाही’ या सबबीचा प्रतिवाद आयुष्यभर केला, त्यांच्याच लेखणीत ती सबब दुसऱ्यांच्या संदर्भात उतरली. या उणिवेवर पांघरूण घालण्याने त्यांच्या पद्धतीचा गौरव होत नाही.

ही उणीव दुसऱ्या एका सभासदाने भरून काढण्याचा यत्न केला. संविधान सभेत जयपाल सिंग मुंडा यांनी ‘आदिवासी’ हाच शब्द असावा असा आग्रह धरला आणि ‘वनजाती’ या पर्यायाला हरकत घेतली. आंबेडकरांचे उत्तर त्यांच्या स्वभावाला धरून होते: ‘आदिवासी’ हा सामान्य शब्द असून त्याला निश्चित कायदेशीर अर्थ नाही, ‘अनुसूचित जमाती’ याला तो आहे. येथे दोन्ही पक्ष बरोबर होते. एकाला नावातील मान हवा होता, दुसऱ्याला नावातील निश्चिती. कायद्याने निश्चिती स्वीकारली. बोलीने मानाचा शब्द जपला. आजही कागदावर एक आणि तोंडी दुसरा असे दोन्ही शब्द चालतात.

मर्यादा सांगितल्यावर एक गोष्ट जोडणे न्यायाचे होईल. मध्यवर्ती सरकारातील मजूरमंत्री म्हणून आंबेडकरांनी एप्रिल १९४६ मध्ये किमान वेतनाचे विधेयक मांडले. १९४८ साली झालेल्या कायद्याच्या अनुसूचीत शेतीतील कामाचा समावेश होता. म्हणजे १९२८ साली कारखान्याच्या भिंतीशी थांबलेला शब्द वीस वर्षांत शेताच्या बांधावर पोहोचला.

५

तो बांधावर पोहोचला, पण सीमा ओलांडू शकला काय? या प्रश्नासाठी पुन्हा खांडबाऱ्याकडे वळले पाहिजे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये वेगळी झाली आणि नवापूर तालुक्याची पश्चिम कड ही राज्याची कड बनली. बार्डोलीच्या परिसरात स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या तोडणीसाठी खानदेशातून मजूर जाऊ लागले. या मजुरांवरील डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांचे संशोधन प्रसिद्ध आहे. पावसाळा संपला की कोरडवाहू शेतीचे काम सरते. मुकादमाकडून उचल घेतलेले कुटुंब ऊसतोडीला निघते आणि उन्हाळ्यात परतते.

या व्यवहाराची परिभाषा भाषाभ्यासकाने मुद्दाम पाहण्यासारखी आहे. तोडणाऱ्या माणसांचे एकक ‘कोयता’ या शब्दाने मोजले जाते. महाराष्ट्रातील रूढीप्रमाणे नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. बार्डोलीकडे कोयत्यात हाताखालचे मूलही मोडत असल्याचे ब्रेमन यांनी नोंदविले आहे. साहित्यशास्त्रात या प्रकाराला लक्षणा म्हणतात: साधनाचे नाव घेऊन साधन वापरणाऱ्याचा बोध करून देणे. परंतु काव्यातील लक्षणा अर्थ वाढविते. येथील लक्षणा माणसे पुसते. कोयता या नामात स्त्री आहे, पण तिचे वेगळे नाव नाही, वेगळी मजुरी नाही, म्हणून तिच्या प्रसूतीला वेगळे स्थान नाही. मराठवाड्यातील ऊसतोडीत गैरहजेरीच्या दंडाला ‘खाडा’ म्हणतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधान परिषदेत आला आणि चौकशीसाठी समिती नेमली गेली, तेव्हा खाड्याच्या भीतीचा उल्लेख वारंवार झाला. १९२८ च्या भाषणात ज्याला राष्ट्रहिताची विश्रांती म्हटले होते, त्यालाच कोयत्याच्या भाषेत खाडा म्हणतात. एकाच घटनेची ही दोन नावे दोन वेगळे न्याय सांगतात.

आता दुसरा शब्द: ‘हंगामी’. कर्मचारी राज्य विमा कायद्याने (१९४८) आजारपण आणि प्रसूती यांसाठी विम्याची व्यवस्था केली, परंतु हंगामी कारखाने आरंभीच वगळले; आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत साखरेचा, गुळासह, स्पष्ट उल्लेख केला. सामाजिक सुरक्षा संहितेतही (२०२०) हे वगळणे कायम आहे. तोडणीवाला तर कारखान्याचा नोकरही मानला जात नाही. तो मुकादमाचा माणूस. अशा रीतीने ऋतू हा शब्द कायद्यात येतो तो केवळ वगळण्याचे कारण म्हणून. वस्तुतः खांडबाऱ्याच्या मजुराच्या जीवनात ऋतू हाच मुख्य मालक आहे. पाऊस किती दिवस टिकला यावर त्याचे स्थलांतर ठरते, आणि उन्हाळा किती लवकर तापला यावर त्याची प्रकृती ठरते. हवामान बदलू लागले की या मालकाच्या अटी बदलतात, पण त्या अटींवर वाटाघाट करण्याची तरतूद कोठेही नाही. कारखाने अधिनियमाने (१९४८) कामाच्या दालनातील हवा व उष्णता सुसह्य राखण्याची जबाबदारी मालकावर टाकली होती; उसाच्या फडाला दालन नाही. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांत अंतर्भूत असल्याचे सांगितले. हक्काचा उच्चार झाला. त्याची व्याख्या व्हावयाची आहे. श्रम, आरोग्य आणि हवामान हे तीन विषय आज वेगवेगळ्या खात्यांत वाटलेले आहेत, पण फडातल्या मजुराच्या देहात ते वाटलेले नाहीत.

६

या पार्श्वभूमीवर सप्टेंबर २०२० मधील घटनेकडे पाहिले पाहिजे. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा या विषयांवरील तीन संहिता लोकसभेत २२ सप्टेंबरला आणि राज्यसभेत २३ सप्टेंबरला संमत झाल्या. त्या वेळी विरोधी पक्षांपैकी बहुतेकांनी, शेतीविषयक विधेयके आणि आठ राज्यसभा सदस्यांचे निलंबन यांच्या निषेधार्थ, कामकाजावर बहिष्कार टाकलेला होता. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आल्या.

त्यांतील व्याख्या पाहाव्यात. संपापूर्वी चौदा दिवसांची पूर्वसूचना देण्याचे बंधन आता सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू झाले. आणि एका दिवशी निम्म्या वा अधिक कामगारांनी संगनमताने घेतलेली किरकोळ रजाही ‘संप’ या शब्दात आली. आंबेडकरांनी १९३८ साली ज्या शब्दाची कक्षा स्वातंत्र्याच्या बाजूने ओढली होती, तो आता शिक्षेच्या बाजूने रुंदावला. दुसरीकडे आंतरराज्य स्थलांतरित कामगाराच्या व्याख्येत, पूर्वी केवळ ठेकेदारामार्फत गेलेला मजूर होता, तेथे आपण होऊन गेलेलाही घेतला गेला. ही निश्चित सुधारणा होय. परंतु १९७९ च्या कायद्यात पाच स्थलांतरित मजुरांची संख्या पुरेशी होती, ती नव्या संहितेत दहा झाली. एका शब्दाने दार उघडले, एका अंकाने ते अर्धे लोटले.

या तरतुदी इष्ट की अनिष्ट यावर मतभेद संभवतात, आणि त्यांचा निर्णय करणे हा समीक्षेचा विषय नव्हे. समीक्षेचा विषय असा की हे शब्द ठरताना त्यांची चिकित्सा सभागृहात व्हावयास हवी होती, ती बहुतांशी झाली नाही. त्यास सरकारपक्षाची घाई कारणीभूत आहे हे खरे. पण बहिष्कार हेही एक विधान आहे, आणि त्या विधानात व्याख्या नसते. निषेधाचे मौन वर्तमानपत्रात एक दिवस राहते. कलमावर घेतलेली हरकत सभागृहाच्या नोंदीत राहते. १९३८ साली आंबेडकरांचा पक्ष संख्येने लहान होता, विधेयक संमत होणार हे उघड होते, आणि बाहेर संपाची तयारीही होती. तरीही ते सभागृहात बसले आणि ‘संप म्हणजे काय’ हे कलमागणिक विचारीत राहिले. रस्ता आणि सभागृह यांत त्यांनी निवड केली नाही. दोहोंचा उपयोग केला. म्हणूनच त्या मताधिक्याचा आकडा आज कोणाच्या ध्यानी नाही, पण संप हा गुन्हा की हक्क या वादात त्यांचा युक्तिवाद अजून आधाराला घ्यावा लागतो.

आंबेडकरांच्या विधिमंडळीय कार्याचे मूल्य कोणत्या विधेयकाला त्यांनी हरविले यावरून ठरत नाही. ‘माता’, ‘वतनदार’, ‘संप’ या शब्दांना चिकटलेला उपकाराचा, रूढीचा वा गुन्ह्याचा अर्थ त्यांनी सोडविला, हे ते मूल्य होय. आणि त्यांच्या कार्याची मर्यादाही शब्दांतच आहे: खानदेशच्या डोंगरपायथ्याशी राबणाऱ्या माणसासाठी तितकाच समर्थ शब्द त्यांनी घडविला नाही. ते काम त्यांच्यानंतरच्या विरोधी बाकांकडे वारशाने आले. नंदुरबार, दिल्ली वा मुंबई, कोठूनही निवडून गेलेल्या सभासदाला ‘हंगामी’ हा एक शब्द हाती घेऊन त्या कामाचा प्रारंभ करता येईल. हंगाम हे मजुराला वगळण्याचे कारण न राहता त्याला संरक्षण देण्याचे कारण व्हावे, एवढी दुरुस्ती सुचविण्यासाठी बहुमत लागत नाही. कोयत्यामागच्या स्त्रीला स्वतंत्र नाम, स्वतंत्र वेतन आणि खाड्यावाचून विश्रांती मिळेल, तेव्हा १९२८ चे विधेयक खांडबाऱ्यापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.